प्रोब काढल्यावर

चिमटीला जोडता येत होतं आणि वकिलाला बोलता येत होतं. आता दोघांपैकी नाव कोणाचं होत होतं, हे सांगायला हवं का? कुठल्याही कॉलेजात जा, कुठल्याही ऑफिसात जा, एक जण मान मोडेपर्यंत राबतो आणि दुसरा तेच काम टेबलावर मांडून मिरवतो.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पहिल्या वर्षापासून तिच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात बारीक टोकाची एक चिमटी असायची, तांदळाच्या दाण्याएवढा भाग उचलून नेमका जागेवर ठेवायला. तेच नाव पडलं आणि चिकटलं. वकीलही कायद्याचा नव्हता, इलेक्ट्रॉनिक्सचाच. पण तोंडी परीक्षेत उत्तर येत असो नसो, तो असा काही उभा राहायचा की विचारणाऱ्यालाच वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं. आणि तिसरा मामा. दोनदा मागे राहिलेला, वयाने सगळ्यांहून मोठा, म्हणून अख्ख्या वर्गाचा मामा. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हे त्रिकूट जमलं, कारण मामाला कोणी गटात घेत नव्हतं, चिमटीला कोणी विचारलं नव्हतं, आणि वकिलाला राबणारं माणूस हवं होतं.

कल्पना मात्र मामाची. त्याची आई आजारी होती तेव्हा तो हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसायचा. एकदा बसल्या बसल्या डोळा लागला आणि इकडे सलाईनची बाटली संपली. नळीत रक्त उलटं चढलं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने आरडाओरडा केला म्हणून निभावलं. "एवढंसं एक यंत्र हवं," मामा म्हणाला होता, "बाटली हलकी झाली की बोंबलणारं. माझ्यासारखा कुंभकर्णसुद्धा उठला पाहिजे." म्हणून हे यंत्र: वर हूक, हुकाला वजन मोजणारा सेन्सर, खाली डब्यात बोर्ड, बोर्डवर कंट्रोलरची चिप आणि एक कर्कश बझर.

लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर बसून तिघांच्या चर्चा चालायच्या. चर्चा कसल्या, वकिलाचं भाषण आणि मधेमधे मामाचे प्रश्न. मामाचे प्रश्न साधे असायचे आणि म्हणूनच अवघड.

"हे चांदीच्या गोळीसारखं काय आहे?" एकदा त्याने विचारलं.

"क्रिस्टल," वकील म्हणाला. "कंट्रोलरचं घड्याळ. ते थरथरतं, त्या ठेक्यावर चिप चालते. ठेका नाही तर चिप म्हणजे नुसता दगड."

"आणि त्याच्या दोन पायांना हे दोन बारके कपॅसिटर कशाला? हे तर इतके छोटे आहेत की यात काही मावत असेल असं वाटतच नाही."

"पुस्तकात असतात म्हणून असतात रे. पुढे चल."

चिमटीला राहवलं नाही. "मामा, झोपाळ्यावर बसलायस असं समज. पाय जमिनीला टेकून पहिला झोका घेतोस ना? हे दोन बारके म्हणजे ती जमीन. दिसायला काही नाहीत, पण ते नसतील तर झोपाळा हलायचाच नाही."

"म्हणजे बसलोय आपला लोंबकळत!" मामा खूश झाला. "हिला शिकवायला ठेवा रे कोणीतरी. हिचं कळतं."

वकील हसला आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. त्या दिवशी चिमटी घरी जाईपर्यंत मनातल्या मनात ते वाक्य घोळवत होती. हिचं कळतं. तीन वर्षांत तिला असं कोणी म्हणालं नव्हतं. विभागप्रमुख बाई वकिलाला नावाने हाक मारायच्या आणि तिला म्हणायच्या, "ती सोल्डरिंगवाली मुलगी."

यंदा मात्र नुसत्या कौतुकाचा प्रश्न नव्हता. बाईंच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची एक जागा निघणार होती, आणि त्या जागेबरोबर पुढचं शिक्षणही होतं. एकच जागा. प्रकल्पाच्या परीक्षेत ज्याची छाप पडेल, त्याला ती मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती मिळाली नाही तर चिमटीचं काय होणार हेही ठरलेलं होतं. तिच्या भाऊजींचं इंटरनेट जोडणीचं ऑफिस होतं, आणि तिथे फोन उचलायला त्यांना घरचं माणूस हवं होतं. भाऊजी वाईट नव्हते हो. उलट फारच चांगले. त्यांनी तिच्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती, चाकांची, मऊ पाठीची. ताई दर रविवारी सांगायची, "बघून तर जा एकदा खुर्ची." त्या खुर्चीचं नाव काढलं की चिमटी विषय बदलायची.

आणि मामाचं? मामाची ही शेवटची संधी होती. यात राहिला तर नियमानुसार बाहेर. लिफ्टची देखभाल करणारी एक कंपनी त्याला घ्यायला तयार होती, पास झालास की ये म्हणाली होती. प्रकल्पाच्या परीक्षेची रीत अशी की यंत्र चालतंय म्हटल्यावर परीक्षक तोंडी प्रश्नांत फार खोलात जात नसत. यंत्र बंद पडलं, तर मग ज्याने त्याने तोंडाने आपापली सुटका करून घ्यायची. आणि मामाची जीभ परीक्षकासमोर टाळूला चिकटायची. म्हणून तो रोज देवाला विचारावं तसं एकच विचारायचा, "चालतंय ना ग?"

आता त्या भांडणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. मधल्या तपासणीच्या वेळी चिमटीने वकिलाच्या आकृतीतली एक चूक परस्पर बोर्डवर दुरुस्त केली होती. चूक दुरुस्त झाली, पण कागद आणि बोर्ड जुळेनात, आणि बाईंपुढे वकील तोंडघशी पडला. बाहेर आल्यावर तो तिच्यावर असा तडकला की पायऱ्यांवरची बाकीची पोरं उठून गेली. "यापुढे कागदावर असेल तेच बोर्डवर! आपलं डोकं चालवायचं नाही!"

"ठीक आहे," चिमटी म्हणाली. "नाही चालवत."

आणि खरंच नाही चालवलं. राग माणसाला कसा आंधळा करतो बघा. शेवटची आकृती वकिलाने नव्याने, सुबक काढली. त्या सुबकपणात क्रिस्टलपाशी हवे असलेले दोन कपॅसिटर रेखाटायचे राहून गेले. मुद्दाम नाही, विसरला. आणि चिमटीने फुगलेल्या तोंडाने, कागद समोर ठेवून, रेघेला रेघ जोडत नवा बोर्ड केला. डोळे उघडे होते, पण बघायचंच नाही असं तिने ठरवलं होतं.

तरी बोर्ड चालला! कसा चालला? तर तिची एक सवय होती. नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करताना ती ऑसिलोस्कोपचा प्रोब, म्हणजे त्या मोजणी यंत्राची टोकाला बारीक आकडा असलेली वायर, क्रिस्टलच्या पायाला अडकवायची आणि पडद्यावर लाट येते का बघायची. लाट आली. मग तो आकडा तिने काढलाच नाही. काम करता करता मान वर करावी, पडद्यावर ती हिरवी लाट आपली निवांत चाललेली दिसावी, बरं वाटायचं. बझर वाजला, वजन बरोबर आलं, बाईंनी सरावाची तपासणी घेतली तेव्हाही आकडा तिथेच होता. मामाने तर बाटलीत पाणी भरून नळी सोडून ठेवली आणि बझर वाजल्यावर लॅबभर नाचून घेतलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, डब्याला झाकण लावायचं म्हणून तिने प्रोब काढला. स्विच दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. दगड.

काय तुटलं, काय जळलं? तिने घाईघाईने आकडा परत अडकवला आणि बोर्ड खाडकन जागा झाला. काढला, बंद करून चालू केलं, मेला. अडकवला, जिवंत. मग ती सावकाश स्टुलावर बसली. एका नजरेत सगळं दिसलं. दोन बारके नाहीत. इतके दिवस त्या प्रोबच्या अंगातलाच इवलासा कपॅसिटन्स त्या दोघांचं काम करत, झोपाळ्याखालची जमीन होऊन बसला होता.

कपॅसिटर तिच्याच डबीत होते. सोल्डरिंगचं आयर्न अजून गरम होतं. चहा निवायच्या आत होणारं काम.

तिने डबी उघडली, बारीक चिमटीने एक कपॅसिटर उचललाही. आणि हात तसाच राहिला. कारण तिला उद्याचं दिसलं. यंत्र झोकात चालणार. वकील हातवारे करत बोलणार. परीक्षक मान डोलावणार. आणि बाई म्हणणार, वा, आणि ती सोल्डरिंगवालीही छान काम करते हं.

मग तिला दुसरं उद्या दिसलं. यंत्र बंद. वकिलाची बोलती बंद. आणि ती शांतपणे पुढे येते, प्रोबचं टोक क्रिस्टलच्या पायाला टेकवते, बोर्ड जिवंत होतो, सगळे चकित. का? ती सांगते का. तिच्या तोंडाने, तिच्या शब्दांत. हिचं कळतं.

तिने कपॅसिटर परत डबीत टाकला.

तेवढ्यात मामा आला. हातात हॉस्पिटलातून मागून आणलेला सलाईनचा खरा हूक. "उद्या हाच लावू. शोभून दिसेल." मग नेहमीचं, "चालतंय ना ग?"

प्रोब तेव्हा अडकवलेलाच होता. लाट चालू होती.

"चालतंय," ती म्हणाली.

"तुझ्या तोंडात साखर पडो. चल, आईला सांगतो. ती नुसती वात आणतेय, उद्या काय, उद्या काय." आणि शीळ घालत गेला. चिमटीच्या बेतात वकील होता, बाई होत्या, बाहेरचे परीक्षक होते, भाऊजींची खुर्चीसुद्धा होती. मामा नव्हता. तो दाराबाहेर गेला तरी तिच्या ते ध्यानात आलं नाही. तिने प्रोब काढून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक एक वयस्क, मऊ आवाजाचे गृहस्थ निघाले. वकिलाने सुरुवात तर फक्कड केली. मामाच्या आईचा प्रसंग असा सांगितला की जणू सलाईन त्याच्याच आईला होतं. मामा कडक इस्त्रीच्या शर्टात, भरलेली बाटली छातीशी धरून उभा. त्याने ती हुकाला लावली. वकिलाने स्विच दाबला.

काही नाही.

वकिलाने पुन्हा दाबला. हसला. वायर हलवली. "एक मिनिट हं सर." त्याच्या कानशिलावरून घाम उतरताना चिमटीने पाहिला, आणि खोटं कशाला बोला, तिला गोड वाटलं. तिने प्रोबसाठी टेबलाच्या कडेला हात नेला.

हात रिकाम्या फळीवर पडला. ऑसिलोस्कोप जागेवर नव्हता! लॅबवाल्या काकांनी सकाळीच सगळ्या टेबलांवरचे उचलून पलीकडच्या गटाला दिले होते. तिकडे त्यांची परीक्षा चालू होती, तिकडे जाऊन मागायचं म्हणजे शक्यच नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" परीक्षकांनी मामाला विचारलं. "का बंद असेल?"

"काल चालत होतं सर," मामा म्हणाला.

"ते असेल. पण आज का बंद आहे?"

"काल चालत होतं सर. मी बघितलंय." मामाने चिमटीकडे पाहिलं. तिने सांगावं, साक्ष द्यावी म्हणून.

"मी सांगते," चिमटी म्हणाली. आता मागे फिरायला जागाच नव्हती. "क्रिस्टलच्या पायांना दोन कपॅसिटर हवेत, ते आकृतीतच नाहीत. म्हणून ठेका सुरू होत नाही."

परीक्षक वाकले, बोर्ड पाहिला, कागद पाहिला. "बरोबर! अगदी बरोबर," ते म्हणाले. बाईंनी भुवया उंचावल्या, पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "काहीही न मोजता इतक्या पटकन कसं ओळखलंत?"

तीन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा. सगळी खोली तिचं ऐकत होती, आणि तिची जीभ सैल सुटली. "प्रोबमुळे, सर. प्रोबचा स्वतःचा थोडा कपॅसिटन्स असतो, तेवढ्यावर आमचं क्रिस्टल चालत होतं. काल मी प्रोब काढला तेव्हा बंद पडलं, लावला की सुरू. तेव्हाच माझ्या लक्षात आलं."

म्हणून झालं आणि मग तिला ऐकू आलं आपण काय म्हणालो ते.

"काल," परीक्षक म्हणाले. आवाज तसाच मऊ. "काल लक्षात आलं, आणि आज बोर्डवर कपॅसिटर नाहीत. मिळाले नाहीत का?"

हो म्हणाली असती तर? म्हणायला हवं होतं. पण कपॅसिटरची डबी तिथेच टेबलावर, झाकण उघडं, आणि बाई त्याच डबीकडे बघत होत्या. मामाने हळूच बाटली हुकावरून काढून घेतली. त्याच्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

बोलला कोण, तर वकील. "सर, चूक माझी आहे. आकृती मी काढली. आणि कागदात नसेल ते जोडायचं नाही, असं मीच हिला दटावलं होतं. हिने माझंच ऐकलं."

तो मनापासून बोलला की सवयीने, देव जाणे. चिमटीने नंतर पुष्कळदा त्याला मनात शिव्या द्यायचा प्रयत्न केला, पण त्याच्या वाक्यात एक अक्षर खोटं सापडेना. परीक्षकांनी मान हलवली. मग प्रत्येकाला दोन-चार प्रश्न विचारले. वकिलाने उत्तरं दिली. चिमटीने दिली, रडवेल्या आवाजात. मामाला विचारलं तेव्हा तो बाटलीवरच्या खुणांकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "आठवत नाही, सर."

दुपारी दारावर कागद लागला. वकील पास, चिमटी काठावर पास, मामा नापास. जागेसाठी बाईंनी वकिलाला आत बोलावलं. चिमटी दारात अडखळली तर बाई एवढंच म्हणाल्या, "हुशार आहेस ग. पण लॅब तुझ्या हाती सोपवून रात्री घरी मला निर्धास्त झोपता आलं पाहिजे." पुन्हा सोल्डरिंगवाली म्हणाल्या असत्या तरी परवडलं असतं.

लॅब रिकामी झाली तेव्हा ती टेबलापाशी परत आली. आयर्न लावलं. बारीक चिमटीने एक कपॅसिटर उचलला, बसवला, दुसरा बसवला. धूर नाकात गेला. स्विच दाबला. बोर्ड सुरू झाला आणि हुकाला बाटली नाही म्हणताच बझर ठणाणा करायला लागला. रिकाम्या लॅबमध्ये तो आवाज असा काही घुमला की तिने दोन्ही हातांनी डबा दाबून धरला.

"राहू दे. वाजू दे."

दारात मामा होता. तो आत आला, हूक फिरवून काढायला लागला. हॉस्पिटलला परत द्यायचा होता.

"मामा, अरे..." ती म्हणाली. "माझ्या डोक्यातच आलं नाही तुझं. शप्पथ सांगते. वकिलाला जरा तोंडघशी पाडावं, एवढंच..."

"झोपाळा," मामा म्हणाला.

"काय?"

"ते सर मला विचारत होते तेव्हा. पाय टेकायला जमीन लागते, तूच शिकवलेलं. बाहेर जिना उतरताना आठवलं बघ. तिथं उभा होतो तेव्हा नुसतं एकच डोक्यात, ही चालतंय म्हणाली होती ना." त्याने हूक पिशवीत टाकला. "आईला काय सांगू तेवढं सांग. ती सकाळपासून दारात बसलीये."

तिने कपॅसिटरच्या डबीचं झाकण लावलं. मग बझरकडे बोट करून त्याने विचारलं, "चालतंय ना आता?"

"चालतंय," चिमटी म्हणाली. तिचा आवाज बझरखाली बुडून गेला, म्हणून पुन्हा म्हणाली, "चालतंय रे मामा."

"काल पण हेच म्हणालीस," तो म्हणाला आणि जाता जाता त्याने स्विच बंद केला.